शेतातली माती शेतातच

पहिला जोरदार पाऊस झाला की महाराष्ट्रातल्या नद्यांचा रंग पालटतो. कोकणातले ओढे तांबडे होतात, गोदावरी-भीमेच्या खोऱ्यातले नाले काळपट करडे वाहू लागतात. गावोगावी माणसे पुलावर उभी राहून ते पाणी बघतात. पाणी आले याचा आनंद असतो आणि तो खराही असतो. पण त्या पाण्याला आलेला रंग मातीचा आहे, आणि त्यातली बरीचशी माती मे महिन्यात नांगरून, ढेकळे फोडून, वखराच्या पाळ्या देऊन मोकळी करून ठेवलेल्या शेतांतली आहे. जमिनीचा सगळ्यात वरचा, सगळ्यात कसदार पापुद्रा त्या पाण्याबरोबर निघालेला असतो.

तो जाऊन बसतो तलावांत आणि धरणांत. राज्य सरकारने 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली. उन्हाळ्यात पोकलेन लावून तलावातला गाळ उपसायचा आणि ट्रॉल्या भरून तो शेतात पसरायचा, असे तिचे स्वरूप. योजना उपयोगाची आहे. मुरमाड, हलक्या रानात गाळ पडला की दोन-तीन हंगाम पिकाला उठाव येतो, हे शेतकऱ्यांनी अनुभवले आहे. पण हा गाळ वरच्याच शिवारांतून आलेला असतो. डिझेल जाळून तो वर न्यायचा, नांगरून पुन्हा सुटा करायचा आणि पुढच्या पावसात पुन्हा खाली पाठवायचा, हा फेरा थांबवायचा तर सुरुवात तलावात करून भागणार नाही. ती बांधाच्या आत करावी लागेल.

माती बांधाच्या आत कशी राखायची, याचे उत्तर शोधणाऱ्या शेतीला जगभर पुनरुज्जीवक शेती म्हटले जाते. अमेरिकेत रॉबर्ट रोडेल यांनी 1980 च्या दशकात हे नाव रुळवले. तिची सूत्रे थोडकी आहेत. जमिनीची उलथापालथ कमीत कमी करायची. ती उघडी ठेवायची नाही. एकाच पिकावर अडून राहायचे नाही. वर्षाचे जास्तीत जास्त दिवस मातीत जिवंत मुळे राहतील असे बघायचे. आणि जमेल तिथे जनावरांना शेतीच्या चक्रात परत आणायचे. यातले बरेचसे आपल्या आजोबा-पणजोबांच्या शेतीत होते. नांगरणीबाबतचे सूत्र मात्र नवे आहे आणि पचायला सगळ्यात जड तेच आहे.

जड का, ते समजण्यासारखे आहे. चांगला शेतकरी म्हणजे खोल नांगरणारा, स्वच्छ रान ठेवणारा, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ठरून गेले आहे. ज्याच्या रानात काडीकचरा दिसतो तो आळशी. या समजाला तपासून बघायचा एक साधा प्रयोग आहे, तो कुठल्याही गावात पाच मिनिटांत होतो.

काचेचे दोन उभे ग्लास घ्यायचे. एकात दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या रानातले वाळलेले ढेकूळ आणि दुसऱ्यात बांधावरचे, जिथे वर्षानुवर्षे गवत आहे तिथले ढेकूळ, तारेच्या जाळीवर ठेवून पाण्यात सोडायचे. माती एकाच शिवारातली, एकाच रंगाची. नांगरटीच्या रानातले ढेकूळ पाणी लागताच फसफसते, त्यातून बुडबुडे निघतात, आणि बघता बघता ते विरघळून तळाशी गाळ होऊन बसते. वरचे पाणी गढूळ होते. बांधावरचे ढेकूळ मात्र तसेच राहते. त्यातूनही बुडबुडे येतात, म्हणजे पाणी आत शिरते आहे, पण कण एकमेकांना सोडत नाहीत. ग्लासातले पाणी निवळ राहते. पुलावरून दिसणाऱ्या नदीच्या रंगाचे कारण त्या दोन ग्लासांत समोर येते.

कण एकमेकांना धरून ठेवतात ते मातीतल्या जिवांमुळे. मुळे आपल्या टोकांतून साखर आणि इतर द्रव्ये पाझरतात. त्यावर जिवाणू आणि बुरशा जगतात आणि त्यांच्या चिकट स्रावांनी मातीचे कण जोडले जाऊन रवे बनतात. मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे धागे या रव्यांना बांधून ठेवतात. अमेरिकी शास्त्रज्ञ सारा राइट यांनी 1996 मध्ये या बुरशीशी निगडित असलेल्या ग्लोमॅलिन नावाच्या चिकट प्रथिनाकडे लक्ष वेधले. नांगराचा फाळ आणि त्याहून अधिक रोटाव्हेटरची पाती हे धागे तोडतात. शिवाय माती उलटली की आत हवा खेळते, जिवाणूंना एकदम ऊत येतो आणि वर्षभर पुरायचा सेंद्रिय माल ते झपाट्याने संपवतात. आपल्या उष्ण हवामानात तर हे फारच वेगाने होते. म्हणूनच नांगरल्यावर पीक सुरुवातीला जोमदार दिसते आणि वर्षानुवर्षे नांगरल्यावर जमीन दगडावते. महाराष्ट्रातल्या माती परीक्षणाच्या अहवालात 0.40 टक्क्यांपेक्षा कमी सेंद्रिय कर्ब म्हणजे ‘कमी’ अशी नोंद येते. ही नोंद वाचून न वाचल्यासारखी करायची सवय बहुतेकांना लागली आहे.

उघड्या, रवे मोडलेल्या जमिनीवर पावसाचा थेंब आदळतो तेव्हा सुटे झालेले बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात आणि वर घट्ट पापुद्रा धरतो. फाळ जिथपर्यंत पोचतो त्याच्या खाली वेगळा कठीण थर तयार झालेला असतोच. वरून बंद, खालून बंद. मग पाऊस कितीही पडो, पाणी मुरत नाही, धावते. आणि चार दिवस उघडीप मिळाली की पीक माना टाकते. दुसरीकडे, न हलवलेल्या रानात जुन्या मुळांच्या नळ्या आणि गांडुळांची बिळे थेट खालपर्यंत गेलेली असतात. पाणी त्यांतून उतरते, जादा पाणी निघून जाते आणि वापसा लवकर येतो.

नेरळ हे माथेरानच्या पायथ्याचे गाव. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि भाताशिवाय दुसरे खरीप पीक फारसे कोणी घेत नाही. रायगडातली भातशेती म्हणजे कष्टांची मालिकाच. उन्हाळ्यात शेण, पाला, कवळं पसरून राब भाजायचा, तिथे रोपे टाकायची, पाऊस लागला की खाचरात चिखलणी करायची, मग गुडघाभर चिखलात वाकून आवणी. चिखलणीत मातीचा एकूण एक रवा मोडला जातो. पाणी साठून राहावे म्हणून तो मुद्दाम मोडायचा असतो. त्याच वेळी बांधावरून ओसंडणाऱ्या पाण्याबरोबर तो चिखल खालच्या खाचरात, तिथून ओढ्यात आणि पुढे उल्हास नदीत जातो. हीच उल्हास पुढे बदलापूर, कल्याणसारख्या शहरांना पाणी पुरवते.

नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी गेल्या दशकाच्या आरंभी भाताची ही सगळी पद्धतच बाजूला ठेवली. त्यांचे ‘सगुणा राइस टेक्निक’, म्हणजे एसआरटी, आज राज्यभर माहीत आहे. नांगरणी, चिखलणी आणि आवणी या तिन्ही गोष्टी त्यात नाहीत. पहिल्या वर्षी एकदाच जमीन तयार करून गादीवाफे पाडायचे. ते वाफे मग कायमचे. वाफ्यावर लोखंडी साचा ठेवून दाबला की त्याच्या खुंट्यांनी 25 सेंटिमीटर अंतरावर ओळीने भोके पडतात. प्रत्येक भोकात भाताचे तीन-चार दाणे आणि चिमूटभर खत घालून माती सारायची. कापणीच्या वेळी भात बुंध्याशी कापायचे आणि धसकटे मुळांसकट तशीच जमिनीत ठेवायची. त्याच वाफ्यांवर, न नांगरता, वाल, हरभरा, भुईमूग किंवा भाजीपाला लावायचा. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तिथेच भात.

एसआरटीच्या खाचरात पावसाळ्यात हात घातला तर काय सापडते, ते सांगण्यासारखे आहे. मागच्या भाताच्या मुळांचा जुडगा अर्धवट कुजून काळसर, ओलसर झालेला असतो. बोटाने दाबला की त्यात पोकळ्या जाणवतात. त्याच्या आसपास गांडुळांच्या विष्ठेचे बारीक रवे असतात. चिखलणीच्या खाचरात गांडूळ टिकत नाही; इथे तो मुक्कामाला येतो, कारण त्याचे खाणे जागेवर असते आणि त्याचे घर कोणी उलटवत नाही. नांगर जे वरवर करायचा ते गांडूळ खोलवर करतो, आणि त्याला डिझेल लागत नाही.

या पद्धतीची पिके चिखलणीच्या भातापेक्षा आठ-दहा दिवस आधी तयार होतात असे ती करणारे सांगतात, आणि मनुष्यबळाच्या तुटवड्यात आवणीचा खर्च वाचणे हे तिच्या प्रसाराचे मोठे कारण आहे. लोकांनी ती माती वाचवण्यासाठी घेतली असे म्हणणे खरे होणार नाही. त्यांनी ती मजूर मिळेना म्हणून घेतली, आणि माती वाचली. पुढे ती कापूस, मका अशा पिकांतही गेली आणि तिच्या नावातल्या ‘राइस’ची जागा ‘रिजनरेटिव्ह’ने घेतली. जागतिक बँकेच्या साहाय्याने विदर्भ-मराठवाड्यात पाच हजारांहून अधिक गावांत राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानेही शून्य मशागतीच्या या पद्धतीला उचलून धरले.

कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर याच ठिकाणी वेगळ्या वाटेने पोचले. कृषी पदवीधर असलेल्या चिपळूणकरांनी 1970 च्या सुमारास शेती सुरू केली. खते वेळच्या वेळी, शेणखत भरपूर, तरी काही वर्षांनी उत्पादन घसरू लागले. त्यांनी भूसूक्ष्मजीवशास्त्राची पाठ्यपुस्तके मुळातून वाचली आणि एक साधा निष्कर्ष काढला: कोवळा पाला लवकर कुजतो आणि लवकर संपतो, बुडखे, मुळे, जाड खोडे सावकाश कुजतात आणि जमिनीला टिकाऊ खत देतात. म्हणजे शेतकरी जे कचरा म्हणून वेचून पेटवतो तेच सगळ्यात मोलाचे. शिवाय मुळांचे जाळे आधीच जमिनीत सर्वदूर पसरलेले असते, ते ना आणावे लागते, ना पसरावे लागते. आधीच्या उसाचे बुडखे न उपटता, रान न नांगरता ऊस आणि भात घेऊन त्यांनी हे दाखवले आणि ‘अ‍ॅग्रोवन’ या कृषी दैनिकातल्या लेखांतून हजारो शेतकऱ्यांपर्यंत नेले. त्यांचे सगळेच म्हणणे सगळ्यांना पटले असे नाही, पण ‘जमिनीखालचे अवशेष’ हा विषय मराठी शेतकऱ्याच्या बोलण्यात आला तो त्यांच्यामुळे.

उसाच्या पट्ट्यात हा विषय रोज डोळ्यांसमोर जळत असतो. एक हेक्टर उसातून आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात 32 ते 40 टक्के सेंद्रिय कर्ब आणि जवळपास अर्धा टक्का नत्र असते. काडी लावली की अर्ध्या तासात हा सगळा ठेवा धुरात जातो, आणि त्याच रानात चार दिवसांनी युरियाची पोती उतरतात. पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने खोडव्यासाठी शिफारस केली ती अगदी उलट: पाचट सरीत दाबायचे, बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचटावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकायचे, आणि खत पहारीने भोके पाडून मुळाजवळ द्यायचे. पाचट झाकणारे शेतकरी वाढले आहेत. तरी तोडणीच्या दिवसांत कृष्णाकाठच्या कुठल्याही रस्त्याने रात्री गेले की काळ्या रानांत लाल रेषा दिसतातच.

पहारीची ही गोष्ट किरकोळ वाटते, पण पाण्याचा प्रश्न तिथेच येऊन ठेपतो.

माती वाहिली तर दिसते. नायट्रेट दिसत नाही. पिकाला दिलेल्या नत्रापैकी निम्म्याहून कमी नत्र पीक घेते. उरलेल्यातले काही हवेत जाते आणि काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली, विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, ही भारतीय मानक मर्यादा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या गुणवत्ता अहवालात महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे 36 टक्के नमुने या मर्यादेच्या वर निघाले. राजस्थान, कर्नाटक आणि तमिळनाडू यांच्यापाठोपाठ आपला क्रमांक. अधिक बाधित म्हणून दाखवलेल्या देशभरातल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, जळगाव, नांदेड आणि बीड यांची नावे आहेत. एका अहवालात आपल्याच सात जिल्ह्यांची नावे यावीत आणि त्याची चर्चा दोन दिवसही टिकू नये, ही काळजीची गोष्ट आहे. शेतीबरोबर उघडी गटारे, शौचखड्डे आणि उकिरडेही याला कारण आहेत. पण दोष कोणाचाही असो, पाणी पिणारी माणसे तीच. जास्त नायट्रेटचे पाणी तान्ह्या बाळांना सर्वाधिक घातक. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. तुरटी फिरवून किंवा पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उकळल्याने तर त्याचे प्रमाण उलट वाढते.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हाच प्रश्न शहराच्या नळापर्यंत येऊन पोचला. डी मॉइन या राजधानीला रॅकून आणि डी मॉइन या दोन नद्या पाणी देतात आणि दोन्ही नद्या मका-सोयाबीनच्या अफाट शेतांतून वाहत येतात. शहराच्या पाणीपुरवठा संस्थेला 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला खास नायट्रेट काढणारा प्रकल्प उभारावा लागला. 2015 मध्ये तिने वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांतील निचरा मंडळांवर दावा लावला. 2017 मध्ये तो न्यायालयाने फेटाळला. पाणी काही सुधारले नाही. 2025 च्या जूनमध्ये नायट्रेट इतके वाढले की शुद्धीकरण पुरे पडेना आणि नागरिकांना हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली.

त्या राज्यात शेताखाली गाडलेल्या निचरा नळ्या नायट्रेटला थेट ओढ्यात नेऊन सोडतात. आपल्याकडे सांगली-शिरोळ भागात क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी सच्छिद्र पाइप गाडण्याचे काम चालू आहे. पाणी सोडून सोडून खारवलेल्या त्या रानांना निचरा हवाच, त्यात दुमत नाही. पण त्या पाइपातून क्षारांबरोबर आणखी काय नदीत जाते, यावर आतापासून लक्ष ठेवलेले बरे.

आयोवातच उपायही मोजून झाले आहेत. मका काढल्यावर रान उघडे न ठेवता राय नावाचे गवतवर्गीय पीक आच्छादन म्हणून पेरले, तर नायट्रेटचा निचरा सरासरी 31 टक्क्यांनी घटतो, असे राज्याच्या पोषकद्रव्य आराखड्यात धरलेले आहे. जिवंत मुळे नायट्रेट शोषून घेतात, एवढेच त्यातले शास्त्र. आयोवा राज्य विद्यापीठाच्या दुसऱ्या प्रयोगात शेताचा फक्त दहावा हिस्सा मूळच्या उंच गवतांच्या पट्ट्यांसाठी दिला, तेव्हा वाहून जाणारी माती सुमारे 95 टक्क्यांनी आणि धावते पाणी 37 टक्क्यांनी कमी झाले. दहा एकरांत एक एकर! आपल्याकडे बांध कोरून कोरून वीतभर उरले आहेत, तेव्हा हा आकडा तालुक्या-तालुक्याच्या कृषी कार्यालयात भिंतीवर लावण्याजोगा आहे.

जर्मनीतल्या म्युनिक शहराने भांडण टाळून सरळ व्यवहार केला. शहराचे बरेचसे पाणी मांगफाल खोऱ्यातून येते. तिथल्या झऱ्यांत नायट्रेट वाढत चालले होते, लिटरमागे 14 मिलिग्रॅमच्या आसपास गेले होते. मर्यादेपेक्षा ते खूप कमी होते, तरी पाणीपुरवठा विभागाने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीकडे वळण्यासाठी हेक्टरमागे पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. शुद्धीकरण यंत्रणा उभारण्यापेक्षा शेतकऱ्याला पैसे देणे शहराला स्वस्त पडले. आपल्याकडे धरणाच्या वरच्या अंगाचा शेतकरी आणि खालचे शहर यांच्यात असा व्यवहार रूढ नाही. तो व्हायला हवा. माती धरून ठेवण्याचे श्रम एकाने करायचे आणि स्वच्छ पाणी दुसऱ्याने फुकट घ्यायचे, हे फार काळ चालणार नाही.

इथे सावध राहण्यासारखी एक गोष्ट आहे. नांगर सोडला की पाणी आपोआप शुद्ध होते, असे मानणे चूक ठरेल, आणि हा धडा अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या एरी सरोवराने दिला आहे. सरोवराच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर विना-नांगरणीची वाट धरली. वाहून जाणारी माती कमी झाली, मातीला चिकटून जाणारे स्फुरदही कमी झाले. पण खत मात्र अनेकांनी वरूनच फेकले. नांगरणी नसल्याने ते वरच्या थरात साचत गेले आणि विरघळून पाण्याबरोबर निघाले. विरघळलेल्या स्फुरदाचे प्रमाण वाढण्यामागची इतरही कारणे आहेत, पण हे एक ठळक कारण मानले जाते. 2014 च्या ऑगस्टमध्ये सरोवरात शैवालाचा असा भर आला की टोलेडो शहराच्या चार लाखांवर लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. पाडेगावची पहार किंवा एसआरटीच्या भोकातले चिमूटभर खत यांचे मोल या घटनेशेजारी ठेवून बघावे. नांगर थांबवणे, खत कमी करून मुळाशी देणे आणि रान हिरवे ठेवणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच विहिरीचे पाणी सुधारते.

दावेही तपासून घ्यावेत. सेंद्रिय पदार्थ एक टक्क्याने वाढले की एकर जमीन लाखभर लिटर पाणी जादा धरते, अशी वाक्ये सभांतून ऐकू येतात. जगभरच्या मोजमापांचा धांडोळा घेणारा मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी यांचा 2018 चा अभ्यास सांगतो की सेंद्रिय कर्ब एक टक्क्याने वाढल्यावर पिकाला मिळू शकणारे पाणी मातीच्या 100 मिलिमीटर थरामागे साधारण सव्वा मिलिमीटरनेच वाढते. खरा लाभ साठवणीपेक्षा मुरण्यात आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटात गेब ब्राउन यांच्या शेतात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तासाला अर्धा इंच पाणी मुरत होते. नांगर सोडून, मिश्र आच्छादन पिके घेऊन, गाई फिरवून बऱ्याच वर्षांनी ते आठ इंचांच्या पुढे गेले. ढगफुटीसारखा पाऊस पडायच्या काळात ही क्षमता जमिनीला असणे आणि नसणे यात फार अंतर पडते.

यातले किती आपल्याकडे होतेच, याचीही आठवण ठेवावी. ज्वारीत तूर, बाजरीत मटकी-हुलगा ही मिश्र पिके. हरभऱ्याचा, भुईमुगाचा बेवड बघून पुढचे पीक ठरवण्याची रीत. ताग आणि धैंचा फुलोऱ्यात गाडणे. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाटमाथ्यावरून कोकणात उतरायचे आणि शेतकरी धान्य देऊन आपल्या रानात मेंढरे बसवून घ्यायचा. रात्रभराच्या लेंड्या-मुतावर पुढचे पीक उभे राहायचे. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने 1924 ते 1931 या काळात इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवली ती भारतीय शेतकऱ्याच्या निरीक्षणातून, आणि तिथून ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. आजच्या घडीला यवतमाळचे सुभाष शर्मा उताराला आडवी पेरणी, झाडे, गाई आणि पक्षी यांच्या आधारे 1994 पासून रसायनांशिवाय शेती करत आहेत. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नैसर्गिक शेतीसाठी 2016 मध्ये पद्मश्री मिळालेले सुभाष पाळेकरही विदर्भातलेच, आणि आंध्र प्रदेशाने गावोगावच्या महिला गटांमार्फत आपला मोठा नैसर्गिक शेती कार्यक्रम उभारताना पाळेकरांच्या जीवामृत या शेण-गोमूत्राच्या द्रावणाचा आधार घेतला. यवतमाळचे नाव नायट्रेटच्या यादीतही आहे आणि शर्मांमुळेही घेतले जाते.

तरी ही शेती सगळ्यांनी का केली नाही? कारणे खरी आहेत. पहिली दोन-तीन वर्षे तण हैराण करते आणि मजूर नसतात, म्हणून तणनाशकाचा आधार घेतला जातो. एसआरटीत आणि चिपळूणकरांच्या पद्धतीतही तो आहे. त्यातल्या ग्लायफोसेट या तणनाशकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये ‘बहुधा कर्कजनक’ गटात टाकले आणि 2022 मध्ये केंद्र सरकारने त्याच्या फवारणीवर निर्बंध घातले. पाणी राखण्याच्या नावाने शेती करायची आणि तणनाशकावर कायमचे विसंबायचे, हे जुळत नाही. आच्छादनाची जाडी वाढवणे, दाट पेरलेला ताग रोलरने आडवा पाडून त्यात लावण करणे, ओळीतले तण कापून तिथेच टाकणे, या वाटांवर आपल्या कृषी विद्यापीठांनी आता जोर लावला पाहिजे.

कापसाच्या पऱ्हाट्या रानात ठेवाव्या तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. म्हणून त्यांची बारीक कुट्टी करणारे यंत्र गटाने घ्यावे लागते, आणि ते सर्वत्र नाही. भात निघाल्यावर कोकणात गुरे मोकाट सुटतात, त्यामुळे एकट्याने हिरवे आच्छादन राखणे अशक्य. गावकीत ठराव लागतो. कडबा-पेंढा जनावरांना लागतो. आणि खंडाने किंवा वाट्याने जमीन कसणाऱ्याने, पुढच्या वर्षी ती मिळेल की नाही हे ठाऊक नसताना, कर्ब वाढवायला पाच वर्षे का घालवावीत? मालकाने किमान पाच वर्षांचा करार दिल्याशिवाय त्याच्याकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

एवढे असूनही सुरुवात लहान करता येते. सगळे रान एकदम बदलायची गरज नाही. दहा गुंठे पुरे. कोकणात भात कापणीला येते आणि देशावर रब्बीची तयारी चालू असते, तेव्हा सुरुवात करावी. भात कापून झाल्यावर धसकटे उपटू नका; त्यांच्यामध्येच टोकून वाल किंवा हरभरा लावा. ऊस तुटला की पाचटाला काडी लावू नका. उताराला आडवे पेरा, बांधावर गवत आणि गिरिपुष्प राहू द्या. युरिया फेकण्याऐवजी मातीआड करा आणि दर हंगामाला थोडा कमी करून बघा. दोन ग्लासांचा प्रयोग घरातल्या मुलांना करायला लावा आणि दोन वर्षांनी पुन्हा करा. फरक कळायला प्रयोगशाळा लागणार नाही.

एक काम मात्र प्रयोगशाळेतच होते, आणि ते शेती नसलेल्यांनीही करायचे आहे. पिण्याची विहीर किंवा बोअर असेल तर पावसाळ्यानंतरचे पाणी नायट्रेटसाठी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ही तपासणी होते. आकडा 45 च्या वर आला तर ते पाणी तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला देऊ नका, आणि तो कागद घेऊन ग्रामसभेत जा.